बाळकृष्ण दोशी : आधी काय बांधायचं आणि पुढचं कोणासाठी सोडायचं

नागपुरात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "सर, सेमिनारला मला बी. व्ही. दोशी हा विषय मिळालाय. जिथे बघावं तिथे पुरस्कारांची यादी आणि तेच ते फोटो. पण त्यांची कामं अहमदाबादला, बंगलोरला, इंदूरला. आपल्या नागपूरच्या उन्हात, आमच्या ले-आउटमधल्या घरांना त्यांचा काय उपयोग? आणि ते मोठे कशाने, आर्किटेक्ट म्हणून की शिक्षक म्हणून?"

बेटा, पुरस्कारांचं एका स्लाइडवर उरकून टाक. १९७६ ला पद्मश्री, २०१८ ला वास्तुकलेतला सर्वांत मानाचा प्रित्झ्कर पुरस्कार आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय, २०२० ला पद्मभूषण, २०२२ ला ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचं रॉयल गोल्ड मेडल. २४ जानेवारी २०२३ ला ते गेले, दुसऱ्याच दिवशी पद्मविभूषण जाहीर झालं. झालं. याच्यावर आणखी वेळ घालवू नकोस.

तुझ्या दोन प्रश्नांचं उत्तर मला एकच दिसतं. मी नागपुरात घरं बांधतो आणि आठवड्यातून एकदा स्टुडिओ घेतो, म्हणून मला दोशींमधलं जे सर्वांत कामाचं वाटतं ते सांगतो. आर्किटेक्टने स्वतः काय पक्कं करून द्यायचं आणि पुढचं काय दुसऱ्याच्या हाती सोपवायचं, हा प्रश्न ते जन्मभर सोडवत राहिले. इमारतीत सोडवला, शाळेत सोडवला, वस्तीत सोडवला. म्हणून त्यांच्यातला आर्किटेक्ट आणि शिक्षक वेगवेगळे काढायला गेलीस तर दोन्ही अर्धवट हाती येतील.

जन्म पुण्याचा, २६ ऑगस्ट १९२७. गुजराती एकत्र कुटुंब, घरात फर्निचरचा धंदा. लाकूड, सुतार, रंधा हे लहानपणापासून डोळ्यांसमोर. कुटुंब वाढेल तसं घरही वाढत गेलेलं. हे मी चरित्रात भर घालायला सांगत नाही. पुढे इंदूरला त्यांनी जे केलं त्याचं मूळ मला अशा घरात दिसतं. १९४७ ला ते मुंबईच्या जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकायला दाखल झाले, मग लंडन. १९५१ साली लंडनजवळ हॉडस्डनला आधुनिक वास्तुकारांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. फ्रान्समधले थोर आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए चंडीगडचं काम करताहेत हे तिथे त्यांच्या कानावर आलं आणि त्यांनी पॅरिस गाठलं. फ्रेंच येत नव्हतं. पहिले आठ महिने पगारही नव्हता. चोविशीतला मुलगा परक्या देशात, परक्या भाषेत, फुकट ड्रॉइंगं करत बसला.

१९५४ ला ते परत आले ते कॉर्बुझिएंची अहमदाबादची कामं साइटवर बघायला. साराभाईंचं घर, शोधन यांचा बंगला, गिरणीमालक संघाची इमारत. यातली गिरणीमालक संघाची इमारत तू नीट अभ्यास. पश्चिमेला रस्ता, पूर्वेला साबरमती. पश्चिमेच्या तोंडावर काँक्रीटची उंच पाती तिरकी बसवलीत, म्हणजे उतरतं ऊन अडतं, पण हवा आणि उजेड आत येतो. नदीच्या बाजूला तिरकेपणाची गरज नाही, तिथे पाती सरळ. एकाच इमारतीच्या दोन बाजू दोन तऱ्हेने वागतात, कारण सूर्य दोन्हीकडे सारखा वागत नाही. आता आपल्या वर्धा रोडच्या पूर्व बाजूला उभी राहा. तिथल्या इमारतींचं तोंड पश्चिमेला येतं, म्हणजे दुपारी तीन ते सहाचं ऊन थेट अंगावर. त्या तोंडाला आपण वरपासून खालपर्यंत काच लावतो आणि मग आतून पडदे ओढून, दिवे लावून, एसी १८ वर ठेवून काम करतो. विजेचं बिल भाडेकरू भरतो, बिल्डर नाही, म्हणून हे चालून जातं. मला याचा मनापासून राग आहे. सत्तर वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवलेला प्रश्न आपण रोज नव्याने चुकवतो.

कॉर्बुझिएंना दोशी गुरू मानत. पण गुरूच्या सावलीत राहून गेलेले आर्किटेक्ट आपल्या देशात कमी नाहीत. दोशी त्या सावलीतून हळूहळू बाहेर आले, आणि त्याला वेळ लागला. अहमदाबादच्या भद्र किल्ल्यासमोरचा प्रेमाभाई हॉल बघ, १९७० च्या दशकातला. काँक्रीटचं प्रचंड धूड, आजूबाजूच्या जुन्या शहराशी बोलायला तयारच नाही. बरीच वर्षं तो बंद पडून राहिला. सेमिनारमध्ये हाही दाखव. मोठ्या माणसाचं फक्त चांगलंच दाखवलं की वर्गाला झोप येते, आणि ते खरंही नसतं.

१९६२ हे त्यांच्या आयुष्यातलं कळीचं वर्ष. कस्तुरभाई लालभाई आणि विक्रम साराभाई अहमदाबादला आयआयएम उभी करत होते. डिझाइनचं काम दोशींकडे आलं होतं. त्यांनी सुचवलं की हे अमेरिकेतले नामवंत आर्किटेक्ट लुई कान यांना द्या, मी त्यांच्यासोबत राहीन. पस्तिशीचा माणूस, स्वतःचं ऑफिस थाटून काहीच वर्षं झालेली, आणि देशातलं एवढं मोठं काम दुसऱ्याच्या हातात देतो. औदार्य तर त्यात होतंच. पण मला त्यात शिक्षकाचा हिशोबही दिसतो. कान अहमदाबादला येत राहिले तर शहरातल्या तरुण पोरांना ते बघायला, ऐकायला मिळतील. आणि तसंच झालं. कान १९७४ पर्यंत येत राहिले. त्या मार्चमध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवरच त्यांचं निधन झालं. आयआयएमचं पुढचं काम ज्यांनी निष्ठेने पाहिलं ते अनंत राजे आपले मराठी. मुंबईचे, जे. जे. चे, फिलाडेल्फियाला कान यांच्याकडे काम करून आलेले, आणि पुढे अहमदाबादच्या आर्किटेक्चरच्या शाळेत शिकवणारे. मराठीत त्यांच्याबद्दल फारच कमी लिहिलं गेलं. पुढच्या सेमिनारला तो विषय माग.

त्याच १९६२ ला दोशींनी अहमदाबादची स्कूल ऑफ आर्किटेक्चर सुरू केली. आज आपण जिला सेप्ट म्हणतो तिचं हे बीज. स्वतःची इमारत नव्हती, ती १९६६ ते ६८ च्या सुमारास झाली. १९७२ ला प्लॅनिंगची शाळा निघाली, तिच्यासाठी ख्रिस्तोफर बेनिंजर हे अमेरिकन आर्किटेक्ट आले. ते पुढे पुण्यात स्थायिक झाले आणि १९७६ ला तिथे विकास अभ्यासाची संस्था काढली. एका शाळेचा धागा असा आपल्या महाराष्ट्रातही येऊन पोचतो.

या शाळेची इमारत दोशींचीच. तिच्या सेक्शनवर, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगवर, मी माझ्या विद्यार्थ्यांना अख्खी दुपार बसवतो. विटांच्या जाड समांतर भिंती, त्यांच्यावर काँक्रीट. दोन भिंतींमध्ये स्टुडिओ, दुमजली उंचीचे, एकातून दुसऱ्यात नजर जाईल असे. उजेड उत्तरेकडून तिरक्या काचांमधून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालची मोकळी जागा. इमारतीखाली सावलीचा मोठा टप्पा आहे, तिथे दार नाही, पाटी नाही, अमुक कामासाठी असं ठरवलेलं काही नाही. तिथे ज्युरी, म्हणजे मुलांच्या कामाचं परीक्षण, होते, प्रदर्शन लागतं, पोरं चहा पितात, गरबाही होतो. पहिल्या वर्षाचा मुलगा जिन्याने जाता जाता पाचव्या वर्षाच्या थिसिसच्या मॉडेलपाशी थबकतो आणि तिथेच शिकतो. टाइमटेबलमध्ये बसत नाही असं शिक्षण कुठे होणार, ती जागा आर्किटेक्टने आधीच सोडून ठेवलीय. खरा खर्च तिथे केलाय. आपल्याकडे कॉलेज बांधताना पहिला प्रश्न असतो कार्पेट एरिया किती निघतो. मंजुरीच्या तक्त्यात न बसणारी जागा पहिल्याच मीटिंगमध्ये कापली जाते, आणि मग मुलं पार्किंगमध्ये गाड्यांवर बसून गप्पा मारतात.

आता नागपूरसाठी एक गोष्ट ध्यानात घे, कारण ही तुला कोणी सांगणार नाही. उत्तरेची काच बघून भारावून जाऊ नकोस. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर. मे महिन्याच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही थोडा उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच ईशान्येला नि वायव्येला. म्हणजे नवतपाच्या, मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या, दिवसांत, नेमक्या जीव काढणाऱ्या उन्हात, आपल्याकडे तिरकी उत्तरकाच थेट ऊन घेते. ही काच उभी कर, वर दीड-दोन फुटांचा छज्जा काढ, आणि दोन्ही टोकांना उभी पाती दे. उजेड पुरेसा येईल, ताप बराच कमी होईल. नक्कल आणि अभ्यास यांच्यातला फरक असल्या बारक्या ठिकाणी कळतो.

संगाथ हे त्यांचं स्वतःचं ऑफिस, १९८० च्या सुमाराचं. फोटोत पांढऱ्या घुमटाकार कमानी दिसतात, हिरवळीच्या पायऱ्या, पाण्याच्या पन्हळी. साराभाईंच्या घरी कॉर्बुझिएंनी घातलेल्या कमानींचं कूळ यात दिसतं, पण हे काम पूर्ण दोशींचं आहे. त्याचं छत नीट समजून घे. काँक्रीटचे दोन पातळ थर, आणि त्यांच्या मधे एकात एक बसणारे मातीचे पोकळ तुकडे. पोकळीत हवा अडकते, आणि अडकलेली हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. सगळ्यात वर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझेक, ते ऊन परत फेकतं. पावसाचं पाणी कमानींवरून घसरत पन्हळींत येतं, तिथून खालच्या पाण्यात. शिवाय अर्धं ऑफिस जमिनीत उतरवलेलं, कारण खालच्या मातीचं तापमान दिवसा-रात्रीगणिक फारसं बदलत नाही. एकेक उपाय साधा आहे. महाग मशिनरी कुठेच नाही.

नागपूरला उन्हाळ्यात घर तापतं ते मुख्यतः स्लॅबमुळे. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर, म्हणजे भिंतींपेक्षा छतावर मारा जास्त. पाच इंची काँक्रीट दिवसभर ते पोटात साठवतं आणि संध्याकाळपासून खाली सोडायला लागतं. म्हणून रात्री अकरा वाजता पंखा लावला तरी गरम झोत अंगावर येतो. मी क्लायंटला सांगतो, हॉलमधली महागडी टाइल्स एक नंबर खालची घ्या, पण वर विटांच्या तुकड्यांचा कोबा नीट उतार देऊन करा आणि त्यावर पांढरं चायना चिप्स बसवा. फरक पहिल्याच उन्हाळ्यात कळतो. पैसे नसतील तर निदान दर वर्षी मार्च संपायच्या आत स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात मारा. आणि कूलर! नागपूरचं बरंचसं शहर कूलरवर जगतं आणि आपले आर्किटेक्ट प्लॅनमध्ये कूलरची जागाच दाखवत नाहीत. कोरड्या उन्हात कूलर फार उत्तम काम करतो, अट एकच, आत ढकललेली हवा बाहेर जायला वाट पाहिजे. वाट नसली की तासाभरात खोली दमट होते आणि माणूस चिकचिकतो. खोलीच्या समोरच्या बाजूला वर झरोका, किंवा मधे जिन्याची उंच विहीर वरून जाळीने उघडी, एवढं केलं की तोच कूलर दुप्पट गार वाटतो. आपल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांचे चौक हेच करत होते.

पण संगाथचं अर्धं जमिनीत उतरणं आपल्याकडे जसंच्या तसं आणू नकोस. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पाडून आकसते. भिंतीला बाजूने ढकलते. शिवाय आपल्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, अहमदाबादेत त्याहून बराच कमी. जमिनीखाली उतरायचंच असेल तर आधी टेस्ट पिट, म्हणजे माती तपासायचा खड्डा, घे, मुरूम किती खाली लागतो बघ, भिंतीच्या मागे गिट्टीची भर आणि पाणी काढायची नळी दे. हा खर्च क्लायंटला आधी सांग. बंगलोरच्या आयआयएमचे उघडे, वर नुसत्या आडव्या तुळयांचे रुंद रस्ते डोळ्यांत भरतात, आणि भरले पाहिजेत. करड्या ग्रॅनाइटच्या भिंती, चौकांमागून चौक, जाता-येता बसायला कट्टे. पण ती बंगलोरची हवा आहे. नागपुरात तसा रस्ता मे महिन्यात ओस पडेल. इथे त्यावर पूर्ण छप्पर हवं. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांचे खोल व्हरांडे बघ, आपल्या हवेचं माप तिथे आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तू विचारलंस, आमच्या ले-आउटमधल्या घरांना काय उपयोग. माझ्या मते दोशींचं सर्वांत मोठं काम म्हणजे इंदूरची अरण्य ही वसाहत, आणि ते नागपूरकरांनी जितक्या जवळून बघायला हवं तितकं कोणीच बघत नाही.

इंदूर विकास प्राधिकरणाचं हे काम. १९८३ च्या सुमारास सुरुवात, १९८९ ला आकार. सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या वर घरं, आज तिथे ८० हजारांच्या आसपास वस्ती सांगतात. दोन तृतीयांशाच्या आसपास भूखंड अगदी गरीब कुटुंबांसाठी. १९९५ ला याला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. डिझाइनच्या आधी दोशींच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाबरोबर इंदूरच्या झोपडपट्ट्या मोजून काढल्या. बाई स्वयंपाक कुठे करते, सायकल कुठे उभी राहते, दारातल्या ओट्यावर कोण बसतं, गल्ली कुठे रुंद होते नि का, झाड कोणाच्या ताब्यात असतं. गरिबांना घर कसं बांधावं हे आधीच ठाऊक आहे, आपण त्यांच्याकडून शिकायला आलो आहोत, अशी वृत्ती ठेवून केलेलं ते काम होतं.

मग काय दिलं? सगळ्यात लहान भूखंड सुमारे ३५ चौरस मीटरचा, म्हणजे पावणेचारशे चौरस फूट. त्यावर जोतं, संडास-न्हाणी, नळ, वीज, ज्याला परवडेल त्याला एक खोली. पुढचं घर कुटुंबाने बांधायचं, पैसे येतील तसं. ८० घरं नमुन्यासाठी बांधून दाखवली: जिना असा बाहेरून घेता येईल, गॅलरी अशी काढता येईल, ओटा असा. रस्ते, सांडपाणी, पाणी, बाजार, मोकळ्या जागा हे आधी. मोठे भूखंड सधन लोकांना बाजारभावाने विकून त्या पैशावर लहान भूखंडांचा भार उचलला. मला विचारशील तर पैशाची ही मांडणी वास्तुरचनेइतकीच सुंदर आहे.

अरण्यमध्ये गेलीस तर नमुन्याची घरं ओळखू येणार नाहीत. लोकांनी मजले चढवले, रंग लावले, ग्रिल बसवल्या, खाली किराणा दुकान काढलं, बाहेरच्या जिन्याने वर भाडेकरू नेऊन ठेवला. आर्किटेक्टच्या फोटोतली स्वच्छ पांढरी घरं गेली. काही जण याला अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. भाडेकरूचा जिना बाहेरून चढतो याचा अर्थ घरमालकीणबाईंना दरमहा हातात पैसे येतात आणि त्यांच्या घरातून परका माणूस जात नाही. ती सोय पहिल्या दिवशी जोत्याच्या मापात ठेवली होती, म्हणून वीस वर्षांनी ती वापरता आली. अहमदाबादच्या विमा नगरमध्येही, १९७० च्या दशकातल्या एलआयसीच्या वसाहतीत, हेच दिसतं. वर वर लहान होत जाणारे मजले, प्रत्येकाला गच्चीचा तुकडा, आणि लोकांनी भर घालून घालून बदललेली घरं.

आता आपलं नागपूर. शहराच्या दक्षिणेला, पूर्वेला काय झालं ते तुझ्या आईवडिलांना विचार. शेतजमीन घेऊन प्लॉट पाडले, विकले. लोकांनी आयुष्यभराची कमाई घालून हजार-दीड हजार फुटांचा प्लॉट घेतला. आधी मागच्या बाजूला दोन खोल्या, वर टिन. मग मुलाच्या लग्नाआधी समोर हॉल नि स्लॅब. मग बाहेरून जिना, वर भाडेकरू. हे तर हुबेहूब अरण्य! माणसाचं वागणं तेच, हिशोब तोच. फरक फक्त क्रमाचा. इंदूरला गटार, रस्ता, पाणी, मैदान आधी आणि घर मागून. आपल्याकडे घर आधी, आणि गटारीसाठी, रस्त्यासाठी, आरएल लेटरसाठी, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रासाठी, अर्धं आयुष्य नागपूर सुधार प्रन्यासच्या (एनआयटीच्या) पायऱ्या. २००१ चा गुंठेवारी कायदा आला तो परवानगीशिवाय झालेलं नियमित करण्यासाठी. ५७२ आणि १९०० ले-आउट हे नियमित करायच्या ले-आउटच्या गटांचे शब्द तर इथल्या प्रत्येक घरात ऐकले जातात. एकदा दहा फुटांची गल्ली पडली की तिथे ना ॲम्ब्युलन्स वळत, ना झाड लावता येत. घरमालकाने कितीही कष्ट केले तरी गल्ली रुंद करणं त्याच्या हातात नसतं. जे एकट्या कुटुंबाला कधीच करता येणार नाही ते सरकारने आणि आर्किटेक्टने आधी करायचं, आणि जे कुटुंब स्वतः उत्तम करतं त्यात लुडबूड करायची नाही. अरण्यमधून मी हे शिकलो आणि रोजच्या कामात वापरतो.

कसं वापरतो ते सांगतो, कारण हे तुला पुढच्याच वर्षी लागेल. एखादं कुटुंब येतं, बजेट फक्त खालच्या मजल्याचं. मी फूटिंग (पाया) आणि कॉलम पहिल्या दिवसापासून वरच्या मजल्याच्या वजनाचे करायला लावतो. खड्डा एकदाच खणला जातो, तिथली बचत खोटी. जिन्याची जागा आधी ठरवतो, बाहेरून चढेल अशी, पुढे घराच्या दोन वाटण्या झाल्या तरी भांडण होणार नाही अशी. खालच्या आणि वरच्या बाथरूमचे पाइप एकाच उभ्या शाफ्टमध्ये येतील असं बघतो. स्लॅबवर कॉलमच्या सळ्या उघड्या सोडून देतात, चार पावसाळ्यांत त्या गंजून जातात आणि वरचा मजला आजारी सळ्यांवर उभा राहतो. त्यांना सिमेंटचा घोळ मारून हलक्या काँक्रीटने झाकायला लावतो, वेळ आली की ते फोडायचं. भिंतींना फ्लाय ॲशच्या विटा, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख आपल्या दारातच आहे. बाकी रंग, ग्रिल, फरशी, देवघर कुठे, हे त्या बाईंना ठरवू दे. त्या घरात त्या राहणार आहेत.

अरण्यबद्दल एक गोष्ट मात्र वर्गात लपवू नकोस. काळाच्या ओघात कितीतरी भूखंड हात बदलून गेले, जागेचा भाव वाढला तसे बरे पैसेवाले आत आले. गरिबाला दिलेली जमीन गरिबाकडेच राहील याची हमी नकाशा देऊ शकत नाही. त्यासाठी कर्ज, मालकी, रोजगार यांची जोड लागते, आणि ती आर्किटेक्टच्या हातात पूर्णपणे नसते.

शिक्षक म्हणून त्यांचं जे मला सर्वांत भावतं ते सांगतो. १९९० च्या दशकात त्यांनी एम. एफ. हुसेन यांच्यासाठी अहमदाबादला गुंफा केली, जमिनीखालची, फेरोसिमेंटची (लोखंडी जाळीवर सिमेंट थापलेली), एकही सरळ भिंत नाही. ती साध्या हातहत्यारांनी आदिवासी मजुरांनी बांधली. साठीच्या पलीकडचा, जगभर मान मिळालेला माणूस तोवरचं सगळं बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या वर्षाच्या मुलासारखा खेळायला बसला. त्यांची चित्रंही बघ. स्वतःच्या इमारती त्यांनी जुन्या लघुचित्रांसारख्या रंगवल्या आहेत, एकाच कागदावर प्लॅन, उंची, झाडं, मोर, माणसं. कॉम्प्युटरवरची चकचकीत थ्रीडी काढण्याआधी एकदा तसं चित्र काढून बघ. आपण माणसांना कुठे बसवणार आहोत हे त्यात लपवता येत नाही.

आपल्या कॉलेजांत ज्युरी म्हणजे मुलाला उभं करून झाडणं, असं अनेकदा होतं. मुलगा घाबरून पुढच्या वेळी सरांना आवडेल तेच काढून आणतो. सेप्टच्या त्या खालच्या मोकळ्या जागेत ज्युरी उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर होते, तेव्हा झाडणाऱ्यालाही जरा भान राहतं. एवढा बदल आपण कुठलीही नवी इमारत न बांधता करू शकतो. मी माझ्या स्टुडिओत ज्युरी कॉरिडॉरमध्ये घेतो आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आधी बोलायला लावतो.

आता सेमिनारचं काम. फोटो मोजके घे. तीन ड्रॉइंगं स्वतःच्या हाताने काढ: गिरणीमालक संघाच्या इमारतीचा प्लॅन, त्यावर दुपारी चारचं ऊन; सेप्टच्या स्टुडिओचा सेक्शन, त्याच्या शेजारी नागपूरला बदलून घेतलेला तुझा सेक्शन; आणि अरण्यच्या दहा घरांचा एक गट. मग तुझ्या ले-आउटमधली एक गल्ली घे, नंदनवनची असो की हुडकेश्वरची, आणि टेप घेऊन मोज. रस्ता, ओटा, जिना, पाण्याची टाकी, कूलरचं स्टँड, गाडी, तुळस, सगळं. लोकांना आधी सांगून मोज, नाहीतर एनआयटीवाले आले म्हणून घाबरतील. अरण्यचा आणि तुझ्या गल्लीचा, दोन्ही नकाशे १:२०० ला, एकाच कागदावर, उत्तर एकाच दिशेला ठेवून लाव. जमलं तर इंदूरला जाऊन ये, नागपूरहून वंदे भारत जाते. अरण्यच्या गल्ल्यांत सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर फिर, तेव्हा माणसं ओट्यावर असतात आणि बोलायला मोकळी असतात. संगाथ आणि सेप्ट बघायचं असेल तर आधी पत्र पाठवून परवानगी घे. गल्लीचं मोजमाप झालं की ड्रॉइंग मला दाखव, जिन्यांची मापं आपण बसून बघू.